नियंत्रित गटातल्या सहा जणी

“घाला वेणी. मी आजारी आहे,” असं म्हणून अस्मा माझ्या पुढ्यात पाठमोरी बसली.

“काय होतंय?”

“मन लागत नाही.”

“मन न लागणं हा आजार नव्हे, बाई.”

“आहे. मानसशास्त्राच्या पुस्तकात आख्खा धडा आहे त्यावर. परीक्षेत आला तर काय लिहाल, आजार नव्हे, बाई?”

मी तिच्या मानेवर हात ठेवून पाहिला. ताप नव्हता. केसही नव्हते, म्हणजे होते, पण चार बोटं. कोष्ट्याची लेक आणि कोष्ट्याचीच सून असूनही तेवढ्यात वेणी विणणं माझ्या हातचं नव्हतं.

दुपारचा दीड वाजला होता. मेसमधली आमटी थंड होत चालली होती. मी सकाळपासून चहावर होते, आणि माझी रूममेट अस्मा मुल्ला, वय तेवीस, मला ताटावर बसवायला त्या आठवड्यातला तिसरा आजार घेऊन आली होती. सोमवारी तिला खोकला झाला होता. मंगळवारी कंबर धरली होती.

माझा नेम साधा होता. रोज एका आजारी बाईची वेणी घालायची आणि मगच दुपारचं जेवायचं. तासगावच्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात मी स्टाफ नर्स होते, तेव्हा एका चातुर्मासात हा नेम धरला. वॉर्डातल्या कुणी वांगं सोडलं होतं, कुणी कांदा. मला वांगं मुळातच आवडत नाही, त्यामुळे ते सोडणं म्हणजे देवाला फसवल्यासारखं झालं असतं. म्हणून हे धरलं. चार महिन्यांनी उद्यापन करायचं होतं, पण त्याच दिवशी सात नंबरच्या खाटेवरची बाई कंगवा हातात घेऊन बसलेली दिसली, आणि उद्यापन राहिलं ते नऊ वर्षं राहिलं. सुट्टीच्या दिवशी सासूबाईंचा गुडघा दुखायचा. इतर दिवशी त्या जिना चढून गच्चीवर पापड घालत, पण रविवारी सकाळी त्या आपणहून आजारी पडत आणि माझ्यापुढे केस सोडून बसत.

अशी मी अडतिसाव्या वर्षी एम.एस्सी. नर्सिंग करायला सांगलीत आले. ट्रस्ट स्वतःचं नर्सिंग स्कूल काढणार होता आणि त्याला शिकवणारी बाई हवी होती. मलाही हवं होतं. खोटं कशाला सांगू, माझ्या पायांच्या नसा फुगल्या होत्या. सोळा वर्षं उभं राहून ड्यूटी केली होती. ट्यूटरला खुर्ची असते, टेबल असतं, टेबलाखाली पाय लांब करायला जागा असते. मी त्या खुर्चीची स्वप्नं बघत असे. आमच्या गल्लीने तर मी वर्गात पाऊल टाकायच्या आधीच चौकात माझ्या फोटोचा बोर्ड लावला होता. ‘प्राध्यापिका’ असं लिहून मोकळे झाले होते.

फक्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती, माझ्याही नाही. वरच्या शिक्षणात आजारी माणूस नसतो. पहिले काही महिने सगळे वर्ग, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा. शेजारी एवढं मोठं रुग्णालय, पण वॉर्डात जायचं तर पत्र लागायचं, आणि ‘वेणी घालण्यासाठी’ म्हणून पत्र कुठल्या तोंडानं मागणार? सुरुवातीला मी ओपीडीच्या बाकड्यावर जाऊन बसे. शेजारच्या बाईला हळूच विचारायची, “तुमची वेणी घालू का?” दोघीतिघींनी घालून घेतली. एकीने पर्स छातीशी धरली आणि शिपायाला बोलावलं. माझा आवाज मुळातच लहान. शिपाई येईपर्यंत माझं कारण सांगून झालेलं होतं, पण ऐकू कुणालाच गेलं नव्हतं.

“शैलाताई,” त्या दुपारी अस्मा माझ्याकडे वळून म्हणाली, “आमच्यात आजारी माणसाला रोजा माफ असतो. नंतर भरून काढता येतो. तुमच्या देवाकडे अशी काही सोय नाही?”

“आहे की.”

“मग?”

“देव सूट देतो गं. मला घेववत नाही.”

“म्हणजे भांडण देवाशी नाहीच. तुमचं तुमच्याशीच आहे.” ती उठली. “चला माझ्याबरोबर. आज तुम्हाला खरी आजारी बाई दाखवते.”

तिने मला प्रयोगशाळेत नेलं. तिथे खाटेवर एक डमी होती. मुली तिला कमळाबाई म्हणत. नाडी लागायची, छाती वर-खाली व्हायची, आणि डोक्यावर खांद्याच्याही खाली येणारा काळाभोर टोप होता. अस्मा कॉम्प्युटरपाशी बसली.

“हिला न्यूमोनिया टाकते. ताप एकशे तीन. ऑक्सिजन पंच्याऐंशी. आता तरी आजारी म्हणाल?”

कमळाबाई धापा टाकायला लागली. मी नको नको म्हणत होते, पण ती तशी धापा टाकताना केस तोंडावर आलेले बघवेनात. आधी केस बाजूला केले. मग हात थांबला नाही. वेणी घातली, अस्मानं कुठून तरी अबोलीचा गजरा आणून माळला, आणि मी जाऊन थंड आमटीशी दोन भाकऱ्या खाल्ल्या. संध्याकाळी दिवा लावताना मात्र मी गणपतीच्या नजरेला नजर दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजची तपासणी होती. हे आम्हाला ठाऊक होतं. वेणी सोडायची राहिली, हे दारात तपासणीचे तीन सदस्य दिसल्यावर आठवलं. कमळाबाई घट्ट वेणी आणि कोमेजलेला गजरा लेवून पडली होती, आणि अस्माही न्यूमोनिया काढायला विसरली होती, त्यामुळे रात्रभर धापा टाकून तिची बॅटरी संपत आली होती.

“हे काय आहे?” सदस्यांपैकी एका बाईंनी विचारलं.

आमच्या घोरपडे मॅडम, म्हणजे विभागप्रमुख, क्षणभर कमळाबाईकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिल्या. माझं तोंड बघूनच त्यांना सगळं कळलं असावं.

“आमच्याकडे डमीलाही रुग्ण मानायची पद्धत आहे,” त्या शांतपणे म्हणाल्या. “नुसतं इंजेक्शन टोचून मुली बाहेर पडत नाहीत.”

सदस्यांनी ते लिहून घेतलं. एकाने फोटो काढला.

दुपारी मला केबिनमध्ये बोलावणं आलं. मी बॅग भरायच्या तयारीनंच गेले होते. मॅडमनी समोर बसवलं, नेमाबद्दल विचारलं, सगळं ऐकून घेतलं. मधे दोनदा ‘जरा मोठ्यानं बोला’ म्हणाल्या. मग खुर्चीत मागे रेलल्या.

“कोष्टी, तुमच्या प्रबंधाचा विषय मिळाला. हाताला दुखापत झालेल्या स्त्री-रुग्णांच्या समाधानावर वेणी घालण्याचा परिणाम. असं काम आपल्याकडे कुणी केलेलं नाही. मोठा अभ्यास साठ जणींचा. आधी चाचणी म्हणून बारा जणी घ्या. वॉर्डाची परवानगी मी देते.”

मला भरून आलं. वेणी घालायची, तीही परवानगीनं, आणि तिच्यावर पदवी मिळायची. मी खोलीत येऊन सांगितलं तेव्हा अस्मा म्हणाली, “तुमचा देव भलताच कामाचा आहे. माझ्या विषयासाठी मला अजून शिपाईसुद्धा भेटत नाही.”

नवरात्र तोंडावर आलं होतं. आमच्याकडे त्या दिवसांत घरं धुवायला निघतात आणि बायका माळ्यावरून, स्टुलावरून, जिन्यावरून पडतात. हाडांचा वॉर्ड गच्च भरला होता. हात किंवा खांदा मोडलेल्या, एका हाताने स्वतःची वेणी घालू न शकणाऱ्या बारा जणी मला दोन दिवसांत मिळाल्या. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे चिठ्ठ्या टाकल्या. सहा जणींची सात दिवस रोज वेणी घालायची. उरलेल्या सहा जणींना हात लावायचा नाही. तुलनेसाठी ठेवलेला हा नियंत्रित गट. चौथ्या दिवशी आणि सातव्या दिवशी बाराही जणींना तेच दहा प्रश्न विचारायचे आणि एक ते पाच गुण लिहून घ्यायचे. एक म्हणजे अगदी नाही, पाच म्हणजे पुरेपूर.

“नियंत्रित गटाला हात लावायचा नाही,” मॅडम पुन्हा म्हणाल्या. “लावलात तर अभ्यास संपला.”

मी हो म्हणाले. मी सगळ्यांनाच हो म्हणते.

अकरा नंबरवर बुधगावच्या एक शिक्षिका होत्या, कोरेबाई, त्या वेणीच्या गटात आल्या. बारा नंबरवर जतकडच्या बंडगर आक्का. शेळी ओढायला गेल्या आणि शेळीनंच त्यांना ओढलं. उजवा खांदा आणि मनगट. आक्कांचे केस पिकलेले, पण कमरेखाली येणारे. दहा दिवस कंगवा लागला नव्हता. पाठीमागे पायपुसण्यासारखा गुंता झाला होता. सून सुगीत अडकली होती आणि सोबतीला थांबलेला नवरा रोज सकाळी त्या गुंत्याकडे बघून बाहेर तंबाखू मळायला जायचा. चिठ्ठीत आक्का नियंत्रित गटात गेल्या.

पहिल्याच दिवशी कोरेबाईंची वेणी घालून मी वळले, तशा आक्का म्हणाल्या, “माझी कवा?”

“आक्का, तुम्ही दुसऱ्या गटात आहात.”

“मी कुणाच्या गटात न्हाई. गावातबी मी कुणाच्या गटात जात न्हाई. इलेक्शनला दोन्हीकडचं जेवती आन् घरला येती.”

“तसा गट नाही हो. चिठ्ठी निघाली.”

“कुणी काढली?”

“मीच.”

“मग परत काढ की.”

मी हसल्यासारखं केलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. रोज सहा वेण्या होत होत्या. नेमाला एक लागायची. मी पोटभर जेवत होते.

चौथ्या दिवशी प्रश्न विचारले. कोरेबाईंनी चष्मा लावून कागद स्वतः वाचला. “वेणीबद्दल तीन,” त्या म्हणाल्या. “काल डाव्या बाजूला सैल होती. आणि तुम्ही पिना आडव्या लावता, त्या उशीवर टोचतात.” वेणीच्या गटातल्या बाकीच्याही पाच जणी चार दिवसांत अशाच पारखी झाल्या होत्या. एकीला पाच पेडांची हवी होती. एकीने अंबाडा घालता येतो का असं विचारून दोन गुण दिले.

आक्कांनी मात्र पहिल्या प्रश्नालाच सांगितलं, “पाच लिव्ह.”

“प्रश्न तरी ऐका.”

“समद्याला पाच लिव्ह.”

नियंत्रित गटातल्या सहाही जणींनी समद्याला पाच दिले. एकीने तर सहा देता येतील का, असं विचारलं.

मॅडमनी दोन्ही बेरजा शेजारी शेजारी ठेवल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“कोष्टी, यावरून असं सिद्ध होतंय की वेणी घातल्यानं बायकांचं समाधान कमी होतं.”

“हो मॅडम.”

“हो काय? जा आणि नियंत्रित गटाला नीट समजावून विचारा. खरं सांगायला सांगा.”

मी सरळ आक्कांकडे गेले. खाटेच्या कडेला बसले.

“आक्का, खोटं का सांगितलंत?”

“तुला पास व्हायचं हाय न्हवं? आमी सगळ्यांनी ठरवलं. पोरगी मऊ हाय, एवढी शिकतीय, हिला कमी मार्क कशाला द्यायचं. त्या मास्तरीणबाई देत न्हाईत तर आपुन द्यावं.”

“अहो, मार्क मला नाहीत. तुम्हाला खरं काय वाटतं ते हवंय. खरं सांगितलंत तर मी पास होईन.”

“बघ हं.”

“देवाशप्पथ.”

मी पाचवा प्रश्न वाचला. इथे आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे, असं आपल्याला वाटतं का?

आक्कांनी प्लास्टरमधला हात मांडीवर घेतला. जरा वेळ तो हात कुणा दुसऱ्याचा असावा तशा त्याच्याकडे बघत राहिल्या.

“तू यायच्या आदी मला काय वाटत न्हवतं बघ. दवाखाना म्हणल्यावर असंच असायचं. आता तू रोज येतीस. कंगवा घेऊन, वाटी घेऊन. खोबरेलाचा वास इथपर्यंत येतो. शेजारच्या खाटंपर्यंत येतीस आन् वळतीस. मग मी तोंड तिकडं करून पडती. एक लिव्ह.”

मी एक लिहिलं.

मग बाकीच्या पाच जणींकडे गेले. त्यांनाही तीच शपथ घातली. एक, एक, दोन, एक, एक. एवढं स्वच्छ उत्तर मिळालं होतं की मॅडमना चष्मा पुसावा लागला नसता. मी पास होणार होते. कागद पिशवीत घातले आणि मेसमध्ये जाऊन ताटावर बसले.

“आज काय?” अस्मा समोर येऊन बसली. “नेम झाला नाही?”

“झाला. सहा वेळा झाला.”

“मग जेवा.”

भाकरी मोडली. घास तोंडापर्यंत नेला आणि परत ठेवला. उठून आजारी बाई शोधत फिरायचे ते दिवस बरे होते. तेव्हा भूक तरी लागायची.

“ताट झाकून ठेवू?” अस्मानं विचारलं. मी कंगवा कुठे ठेवलाय ते शोधत होते, ते तिने बघितलं होतं.

“नको. वेळ लागेल.”

आक्कांच्या गुंत्याला दीड तास लागला. तेवढा वेळ त्यांना बसवणार नव्हतं, म्हणून कुशीवर निजवलं होतं. तेल लावून, बोटांनीच एकेक बट मोकळी करत. खाटेवर आडव्या बाईची वेणी घालायला डोक्याशी उभंच राहावं लागतं, वाकून. माझ्या पोटऱ्या ठणकत होत्या. आक्का मधेच म्हणाल्या, “तू नापास हुशील गं.”

“हलू नका. ओढेल.”

“आन् खुर्ची मिळणार हुती म्हणालीस ती?”

“मान सरळ ठेवा.”

त्यांच्या नवऱ्याने दारातून डोकावून पाहिलं, टोपी काढली, आणि कितीतरी दिवसांनी तो आत येऊन स्टुलावर बसला. वेणी उशीवर सोडली तशी आक्कांनी डाव्या हातानं ती पुढे ओढून घेतली, आणि शेंडा नवऱ्याला दाखवला. तेवढ्यात पंधरा नंबरवाल्या बाई बोलल्या. त्याही नियंत्रित गटातल्या.

“आता आक्काची घातलीस तर आमी काय पाप केलंय?”

सहा जणी होईपर्यंत पावणेपाच वाजले. शेवटची गाठ मारत असताना घोरपडे मॅडम राऊंडला आल्या. बारा खाटा, बारा वेण्या.

“यातला नियंत्रित गट कुठला?”

“नाही राहिला, मॅडम.”

“काय?”

“नाही राहिला.”

माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता. शेवटी आक्काच आपल्या खाटेवरून म्हणाल्या, “न्हाई ऱ्हायला म्हणतीय. संपला गट.”

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी केबिनमध्ये चहा मागवला, मी उपाशी आहे हे कळल्यावर डब्यातले दोन लाडू पुढे केले. “ही चाचणीच होती,” त्या म्हणाल्या. “बारा जणी गेल्या, जाऊ देत. पुढच्या साठ जणींपासून नव्यानं सुरू करा. मी कुणाला सांगणार नाही. फक्त एवढा शब्द द्या, की त्यातल्या निम्म्या, तीस जणींना हात लावणार नाही.”

मी आयुष्यभर हो म्हणत आले होते. तेही तोंडात तयार होतं. पण लाडू तोंडात होता, आणि तो गिळेपर्यंत मला विचार करायला वेळ मिळाला.

“जमणार नाही, मॅडम.”

“काय?”

“जमणार नाही.”

“मोठ्यानं बोला, कोष्टी.”

“जमणार नाही,” मी तिसऱ्यांदा म्हणाले. एक नाही म्हणायला तीन वेळा म्हणावं लागलं.

“मग विषय बदला. विद्यार्थिनींचं मोबाइल वापराबद्दलचं ज्ञान, असा एखादा घ्या. त्यात कुणाचे केस नसतात. दोन वर्षं काढा, खुर्चीत बसा. तुमचे पाय मी बघितलेत.”

“खुर्ची मला हवीच होती मॅडम,” मी म्हणाले. “पण खुर्चीतून आडव्या बाईच्या डोक्यापर्यंत हात पोहोचत नाही.”

मग उरलेला लाडूही त्यांनी माझ्याकडे सरकवला.

संध्याकाळी घरी फोन केला. आमच्या ह्यांना म्हणाले, “अहो, चौकातला बोर्ड उतरवायला सांगाल का?”

“उतरवायचं काय त्यात? पावसानं तुझा चेहरा गेलाय. नुसतं ‘हार्दिक’ उरलंय. का गं? परत येतीस?”

मी सांगायच्या आत सासूबाईंनी फोन घेतला.

“नापास झालीस?”

“नाही.”

“काढलं?”

“नाही, मीच सोडलं. परत वॉर्डात घेताय का म्हणून दवाखान्यात विचारलंय. या म्हणाले.”

“अगं, भजनी मंडळात सगळ्यांना सांगून बसलीये मी. मास्तरीण होणार म्हणून.”

“हो, आई.”

मग म्हणाल्या, “रविवारच्या आत ये. तुझ्या लेकीला वेणी घालायला लावते मी, पण तिच्या हाताला वळण नाही. नुसती ओढते.”

या गोष्टीला आता अकरा वर्षं होऊन गेली. नर्सिंग स्कूल झालं, खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली, चांगली शिकवते ती मुलगी. माझे पाय होते तसेच आहेत, लांब मोजे घालते. लोक विचारतात, का सोडलंत, आणि मला दर वेळी कॉलेजच्या ऑफिसातले पाटणे आठवतात. निघायच्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे फॉर्म ठेवला होता. अभ्यासक्रम सोडण्याचं कारण. खाली छापलेलं होतं: विवाह, प्रसूती, आजारपण, इतर.

मी ‘इतर’वर खूण केली.

“इतर असेल तर तपशील लागतो,” पाटणे म्हणाले. “एका ओळीत.”

मी बारीक अक्षरात लिहून दिलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला, मग लांब धरून वाचला.

“हे वर पाठवलं तर परत येईल. वेणी म्हणून कुणी कॉलेज सोडत नाही. विवाह लिहू?”

“सतरा वर्षं झाली लग्नाला.”

“मग प्रसूती...” त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच ते सोडून दिलं. “मॅडम, यातलं एक काहीतरी लागेल.”

“आजारपण लिहा.”

“तुम्ही आजारी आहात?”

“नाही.”

“मग कोणाचं आजारपण?”

“ज्यांचं असेल त्यांचं,” मी म्हणाले.

पाटण्यांनी आजारपणावर खूण केली, शिक्का मारला. साडेबारा वाजले होते. तासगावची गाडी दोनची होती. मी बॅग त्यांच्या टेबलाखाली सरकवून ठेवली आणि लक्ष ठेवा म्हटलं. ते त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मी कंगवा घेऊन वर हाडांच्या वॉर्डात गेले.